काळ्या मातीतलं पहिलं घर: काय आधी करायचं, काय मागून

विदर्भातल्या खेड्यात जुनं घर विकत घेतलेल्या, किंवा वाटणीत आलेलं घर पहिल्यांदाच हाती घेतलेल्या जोडप्यांसाठी हे लिहिते आहे. डोळ्यांसमोर घर आहे ते असं: दीड-दोन फूट जाड मातीच्या भिंती, वर कवेलू (कौलं), समोर सपरी (ओसरी), मागे मोरी, रिकामा पडलेला कोठा (गोठा), आंगणात एखादा कडुनिंब आणि कोपऱ्यात पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा ढीग. वर्धा, यवतमाळ, अमरावती, अकोल्याकडे अशी घरं गावोगावी कुलूपबंद आहेत आणि नीट हाताळली तर अजून दोन पिढ्या सहज उभी राहतील.

घर ताब्यात आलं की जो भेटेल तो सल्ला देतो. टाइल्स बसवा, पुट्टी मारा, मोठं गेट लावा. माझं सांगणं असं की आधी पाण्याला नीट वाट करून द्या. घराला पाणी कुठून लागतं आणि कुठून निघून जातं हे उमगल्याशिवाय दुसऱ्या कशावर मोठा खर्च करू नका. आपली काळी माती ओली झाली की फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घर तिच्यावर उभं असतं, म्हणून तिच्यासोबत तेही हलतं. भिंतीची चीर, पावसाळ्यात अडकणारं दार, उठलेली फरशी, पापुद्र्याने सुटणारं प्लॅस्टर, या बहुतेक दुखण्यांच्या मुळाशी नको तिथे मुरलेलं पाणी असतं.

पहिली पायरी: कागद

गावठाणातल्या घराचा कागद म्हणून बहुतेक वेळा ग्रामपंचायतीचा नमुना ८ समोर ठेवला जातो. ती कर आकारणीची नोंद आहे. तेवढ्याने मालकी सिद्ध होत नाही. खरेदी पक्की होते ती दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या खरेदीखताने. स्टॅम्पपेपरवरच्या सौदाचिठ्ठीच्या भरवशावर घरात पैसा ओतू नका. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होते आणि मालमत्ता पत्रक मिळतं. तुमच्या गावाची मोजणी झाली असेल तर नकाशा घेऊन घराच्या चारही बाजू फिरा. वाद बहुतेक मागच्या बाजूला निघतात: कोठ्याची भिंत कुणाची, नाली कुणाच्या जागेतून जाते, शेजाऱ्याच्या वळचणीचं पाणी कुठे पडतं. हे सगळं काम सुरू करण्याआधी, शेजाऱ्यांसोबत चहा घेता घेता बोलून घ्यावं. विटा उतरल्यावर तोच विषय कडू होतो.

खरेदीखतावर आणि नमुना ८ वर दोघांचीही नावं लावा. त्यासाठी ग्रामपंचायतीत अर्ज करावा लागतो आणि तो केलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. घर फक्त बाईच्या नावाने घेणार असाल तर २०२१ पासून राज्यात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. विजेचं मीटर जुन्या मालकाच्या नावावर असेल तर थकबाकी किती आहे ते आधी पाहा, मग नाव बदला.

दुसरी पायरी: कामाचं वर्ष मांडून घ्या

खेड्यात काम कधी होईल हे शेती आणि ऊन ठरवतात. मृग लागला की मजूर पेरणीला जातात, दसऱ्यानंतर कापूस वेचणीला. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. नागपूरला २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश नोंदले गेले होते. असल्या उन्हात सकाळी केलेलं प्लॅस्टर दुपारी कोरडं पडतं आणि ते ओलं ठेवायला विहिरीत पाणी नसतं. म्हणून विटा-सिमेंटचं काम, फरशी, संडास, मोरी हे दिवाळी ते होळी उरकावं. मातीचा गिलावा आणि चुना फेब्रुवारी-मार्चमध्ये, मात्र याच दिवसांत गारपीट होते, तेव्हा ताडपत्री हाताशी हवी. कवेलू फेरणं (काढून, फुटके बदलून पुन्हा रचणं) आणि नाल्या मोकळ्या करणं एप्रिल-मेमध्ये. झाडं जुलैत.

घर उन्हाळ्यात ताब्यात आलं असेल तर पहिल्या वर्षी छप्पर, नाली आणि वीज एवढंच करा. बाकी सगळं एक पावसाळा त्या घरात काढल्यावर.

वही एकच ठेवा आणि ती दोघांपैकी ज्याला रोजचा हिशेब टिपायची सवय आहे त्याच्याकडे द्या. मिस्तरीला उचल किती दिली, रेतीची ट्रॉली कधी आली, सिमेंटच्या बॅगा किती लागल्या, हे त्याच दिवशी लिहिलं गेलं पाहिजे. काम चालू असताना दोघांपैकी एकाने तरी घरी असावं. ओट्याची उंची, मोरीचा कट्टा, दिव्यांची बटणं कुठे हवीत, हे जे वापरणार त्यांनी उभं राहून, हाताने मापून सांगायचं. मिस्तरी त्याच्या सवयीच्या मापाने बांधून मोकळा होतो.

तिसरी पायरी: पाण्याची वाट

पहिला जोराचा पाऊस पडला की छत्री घेऊन दोघंही बाहेर पडा आणि घराला एक फेरी मारा. हातात कोळसा असू द्या. पागोळ्या कुठे पडतात, तिथून उडालेलं पाणी भिंतीवर किती वर जातं, तिथे रेघ मारा. साधारण फूट-दीड फुटावर ती रेघ येईल, आणि जुन्या मातीच्या भिंती नेमक्या तेवढ्याच उंचीपर्यंत कोरल्या गेलेल्या दिसतील. मग आंगणात पाणी कुठे थांबतं ते पाहा. गल्लीचं पाणी दारातून आत येतं का तेही पाहा. गावात सिमेंटचा रस्ता झाला की जुन्या रस्त्यावरच थर चढतो, गल्ली उंच होते आणि घर खड्ड्यात जातं. तुमच्याकडे तसं झालं असेल तर फाटकापाशी वीतभर उंचीचा उंबरा बांधून पाणी आंगणाच्या कडेकडेने वळवावं लागेल. आंगणात मुरूम टाकून सगळीच जमीन उंच करायचा मोह होतो. तसं करताना माती भिंतीला चढू देऊ नका, कारण भर भिंतीला टेकली की ओल थेट भिंतीत शिरते.

आता मुख्य काम. घराच्या चारही बाजूंनी भिंतीलगत तीन फूट रुंद पट्टा आखा. तिथली काळी माती फूटभर खोल काढून टाका. तिच्या जागी मुरूम भरा, एकदम न भरता चार-चार बोटांचे थर देत, पाणी मारत, धुमसाने ठोकत. वर फरशी किंवा पक्क्या विटा बसवा. उतार भिंतीकडून बाहेर, तीन फुटांत किमान दीड-दोन इंच. पट्ट्याच्या बाहेरच्या कडेला उथळ नाली. पागोळ्या या पट्ट्याच्या बाहेरच्या अर्ध्या भागात पडल्या पाहिजेत. वळचण आखूड असेल तर छप्पर थोडं पुढे काढा किंवा पन्हळ लावा. हे काम दिसायला साधं आहे, खर्चही टाइल्सच्या मानाने थोडा येतो, आणि घराचं आयुष्य याच्याइतकं दुसरं काहीच वाढवत नाही. भिंतीखालची माती वर्षभर सारख्याच ओलीची राहिली की ती कमी फुगते, कमी आकसते.

पन्हळ लावणार असाल तर पाणी साठवा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ६० चौरस मीटरचं छप्पर आणि वर्षाला ८०० मिलिमीटर पाऊस धरला तर ४८,००० लिटर होतात. पाचवा हिस्सा वाया गेला तरी ३८,००० लिटर उरतात. पूर्व विदर्भात, गोंदिया-गडचिरोलीकडे, याहून बरंच जास्त. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात, पूर्णेच्या दोन्ही अंगांना, तर छपराचं पाणी हेच घरातलं सगळ्यात गोडं पाणी ठरतं. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्या, धूळ आणि पाखरांची घाण त्यात असते. टाकीच्या तोंडाला जाळी बसवा. उरलेलं पाणी आंगणाच्या उतारावर, भिंतीपासून किमान पंधरा-वीस फूट लांब न्या. शोषखड्डा काळ्या मातीतच संपत असेल तर तो पावसाळाभर नुसता तुडुंब भरून राहतो. मुरूम लागेपर्यंत खोदला तरच पाणी जिरतं.

खारपाणपट्ट्यातल्यांना आणखी एक सांगणं: विहिरीचं खारं पाणी सिमेंटच्या कामाला वापरू नका. सळई गंजते आणि भिंतीवर बुरशीसारखा पांढरा थर येत राहतो. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी प्यायचं असेल तर आधी तपासून घ्या. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही भागांत त्यात फ्लोराइड जास्त असतं आणि ते चवीला कळत नाही.

चौथी पायरी: चिरा वाचा

भिंतीला चीर दिसली म्हणून घाबरून सिमेंट भरू नका. चिरेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने खुणा करा, मधलं अंतर मोजा आणि शेजारी तारीख लिहा. दर महिन्याला मोजा. मेमध्ये उघडणारी आणि ऑगस्टमध्ये मिटणारी चीर मातीच्या हालचालीची आहे. पट्ट्याचं काम झालं की पुढच्या एक-दोन वर्षांत ती शांत होते. वर्षभर वाढतच जाणारी, वर रुंद आणि खाली बारीक असलेली, किंवा जिच्यासोबत भिंत बाहेर झुकलेली आहे, ती चीर वेगळी. तिथे जाणत्या मिस्तरीला किंवा इंजिनिअरला दाखवल्याशिवाय छपरावर माणूस चढवू नका.

नवीन खोली काढायची असेल तर ग्रामपंचायतीची परवानगी घ्या, आणि पाया काळ्या मातीत थांबवू नका. मुरूम लागेपर्यंत जा. काळी माती फारच खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे खालच्या टोकाला फुगवटा असलेले काँक्रीटचे खोल खांब, करतात. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी ही पद्धत विकसित केली. नवी भिंत जुन्या मातीच्या भिंतीला दातरे काढून जोडू नका. मध्ये बोटभर फट सोडा, कारण दोघींची हालचाल वेगळी असते.

पाचवी पायरी: छप्पर

कवेलू काढायचे की ठेवायचे, हा बहुतेक जोडप्यांचा पहिला वाद. माझं मत ठेवण्याकडे आहे. टिनाच्या पत्र्याखाली मे महिन्याची दुपार काढून पाहिलेल्या कुणालाही हे पटेल. कवेलूंच्या फटींतून गरम हवा निघून जाते आणि खालच्या जाड भिंती रात्रीचा गारवा धरून ठेवतात. कवेलूंचा त्रास आहे तो वानरांचा. टोळी एकदा छपरावरून गेली की पाच-पंचवीस फुटतात. छपरावर झुकलेल्या फांद्या छाटा, आढ्याजवळ आणि कडेला तारेची जाळी आवळा, आणि शे-दोनशे कवेलू कोठ्यात राखून ठेवा. गावठी कवेलू भाजणारे आता थोडे उरलेत, तेव्हा कुणी घर पाडत असेल तर त्यांच्याकडून उचलून आणा. इंग्रजी कवेलूही जुन्या बांधकामाचे मिळतात, फक्त मापं जुळवून घ्या, दोन कारखान्यांचे एकमेकांत बसत नाहीत.

फेरताना कवेलू काढले की लाकूड उघडं पडतं. हीच तपासायची वेळ. प्रत्येक वाशाचं भिंतीत गेलेलं टोक पेचकसाने टोचा. लोण्यात जावा तसा पेचकस आत गेला तर टोक उदईने (वाळवीने) खाल्लं आहे, वरून कितीही शाबूत दिसो. तेवढंच टोक कापून नवा तुकडा जोडता येतो, अख्खा वासा बदलायची गरज नसते. भिंतीवरून चढणाऱ्या उदईच्या मातीच्या नळ्या खरवडून टाका आणि त्या पुन्हा येतात का यावर नजर ठेवा. औषध मारायचं तर जाणत्याकडून मारून घ्या, आणि विहिरीच्या जवळपास अजिबात नाही.

सागवान घेताना वनविभागाच्या डेपोची पावती आणि वाहतूक परवाना मागा. जुन्या वाड्यातलं लाकूड घेतलं तर विकणाऱ्याकडून लिहून घ्या. बिनकागदाचं लाकूड रस्त्यात धरलं गेलं तर लाकूडही जातं आणि गाडीही अडकते.

पत्रेच टाकायचे ठरले तर जे-हुक आणि रबरी वायसर प्रत्येक वाशावर लावा आणि वासे भिंतीत पट्टीने बांधा. मेमधल्या वारावावधानात सैल पत्रा दोन शेतं ओलांडून जाऊन पडतो. पत्र्याला वरून पांढरा रंग आणि खालून बांबूच्या ताट्यांचं छत करा, तरच तिथे माणसाला दुपार निघेल.

एकदा दोघं मिळून सेवाग्रामला जाऊन या. १९३६ नंतर उभ्या राहिलेल्या त्या कुट्या माती, बांबू, लाकूड आणि कवेलूंच्या आहेत. भिंतीच्या किती पुढे छप्पर आलं आहे आणि जोतं किती उंच आहे, हे तिथे नीट न्याहाळा. तिथून जवळच, वर्ध्यालगत दत्तपूरला ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र आहे. कमी खर्चाच्या ग्रामीण घरांवर तिथे कित्येक वर्षं काम झालं आहे.

सहावी पायरी: मातीच्या भिंती

या पायरीवर सगळ्यात जास्त पैसा वाया जाताना मी पाहिला आहे. मातीच्या भिंतीवर सिमेंटचं प्लॅस्टर करतात, वर्षभर घर देखणं दिसतं, दुसऱ्या पावसाळ्यानंतर ते पोकळ वाजायला लागतं आणि मग ताटाएवढे पापुद्रे गळून पडतात. कारण साधं आहे. जमिनीतून भिंतीत चढलेली ओल मातीतून सहज बाहेर निघून जाते. सिमेंट तिला आत कोंडतं. आतली माती भिजून मऊ होते आणि तिच्यावर धरलेलं सिमेंट सुटतं. कोंबडीची जाळी ठोकून केलं तरी फक्त थोडं उशिरा सुटतं. घर पक्कं दिसावं ही इच्छा मला समजते, पण मातीची भिंत मातीने आणि चुन्यानेच दुरुस्त करावी.

करायचं असं. कोरलेला भाग झाडूने झाडून सगळी सुटी माती काढा. लोंबणारं काहीही ठेवू नका. मोठा खड्डा पडला असेल तर मातीच्या कच्च्या विटांचे तुकडे ओल्या गाऱ्यात बसवून भरून घ्या. गाऱ्यासाठी नुसती काळी माती चालत नाही, वाळताना तिच्या चिंधड्या होतात. पांढरी किंवा पिवळी माती घ्या, तिच्यात रेती, गव्हाचं कुटार (भुसा) आणि शेण मिसळा. खड्ड्यात भिजत घाला, रोज तुडवा, चार-पाच दिवस मुरू द्या. कुटार कुजून गाऱ्याला आंबूस वास येऊ लागला आणि बोटांत चिकटपणा जाणवला की तो तयार झाला.

प्रमाण कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका, प्रत्येक गावची माती वेगळी. मागच्या भिंतीवर चार हातभर चौकोन लिंपा: एकात माती आणि रेती सारखी, दुसऱ्यात रेती दीडपट, तिसऱ्यात दुप्पट, चौथ्यात कुटार जास्त. शेजारी कोळशाने आकडा घाला. आठवडाभराने जा. पहिल्याला बहुधा जाळीसारख्या भेगा असतील. ज्याला भेग नाही आणि ज्यावरून तळवा फिरवला तर रेती गळत नाही, तोच तुमचा गारा.

भिंत आधी पाण्याचा शिडकावा देऊन ओली करा, कोरड्या भिंतीवर गारा धरत नाही. पहिला थर बोटभर जाड, खरबरीत ठेवायचा. तो पूर्ण वाळला, त्याच्या भेगा दिसल्या, की त्यांच्यावर दुसरा पातळ थर, बारीक चाळलेल्या मातीचा. हे काम गावातल्या वयस्क बायांना जसं जमतं तसं कुणाला जमत नाही. त्यांना रोजी देऊन बोलवा, त्यांच्यासोबत तुम्हीही हात घाला. एका खोलीत शिकून होतं.

वरून चुना. कळीचा चुना पिंपात पाणी घेऊन त्यात थोडा थोडा विरवा, उलट क्रमाने कधीच नाही. तो उकळतो आणि उडतो, म्हणून डोळ्यांना चष्मा, हाताला मोजे, आणि लहान मुलं लांब. आठवडाभर मुरवून फडक्याने गाळा, डिंकाचं पाणी आणि चिमूटभर नीळ घाला, आणि दुधाएवढा पातळ करून तीन हात द्या. एकच जाड हात दिला तर तो कपड्याला लागत राहतो. पुट्टी आणि डिस्टेंपर विटांच्या भिंतींसाठी ठेवा.

सातवी पायरी: खालची जमीन, मोरी, संडास

काळ्या मातीवर थेट टाइल्स बसवल्या तर दोन वर्षांत त्या उठतात. आधी फूट-दीड फूट माती काढून मुरूम ठोका, त्यावर बोल्डरचा थर, मग तीन-चार इंच काँक्रीट, मग फरशी. एवढं एकदम परवडत नसेल तर बाकी खोल्या सारवून ठेवा आणि फक्त स्वयंपाकघर आणि मोरी पक्की करा. सारवलेली जमीन उन्हाळ्यात पायाला गार लागते, तिची लाज वाटायचं कारण नाही.

विटा घेताना दोन एकमेकींवर आपटा, खणखणीत वाजल्या पाहिजेत. काही विटा रात्रभर पाण्यात ठेवा. आपल्याकडच्या मातीत चुनखडीचे खडे असतात; भट्टीत ते भाजले जातात आणि पाणी लागलं की फुगून विटेचा टवका उडवतात. टवके उडाले तर तो माल परत करा. रेती काचेच्या बाटलीत पाण्यासोबत हलवून तासभर ठेवा. वर गाळाचा जाड थर बसला तर ती प्लॅस्टरला घेऊ नका.

मोरीचं पाणी घराच्या पायथ्याशी सोडू नका, पाइपने आंगणातल्या केळी-पपईपर्यंत न्या. संडासाला दोन शोषखड्डे करा, मध्ये फिरवता येणारं तोंड ठेवा, म्हणजे एक भरला की दुसरा सुरू करून पहिल्याचं खत होऊ देता येतं. विहिरीपासून किमान पन्नास फूट लांब ठेवा. पावसाळ्यात जमिनीत पाणी अगदी वर येत असेल तिथे शोषखड्ड्याच्या नादी लागू नका, सेप्टिक टाकी बांधा.

आठवी पायरी: वीज

जुनी वायरिंग पूर्ण काढून नवी करा. इथे काटकसर नको. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, आणि बहुतेक घरांत अर्थिंग नुसतं नावाला असतं. अर्थिंगचा पाइप खोल घाला, भोवती कोळसा आणि मीठ भरा, आणि उन्हाळ्यात तिथे दर आठवड्याला बादलीभर पाणी ओता, कारण सुकलेली, भेगाळलेली माती करंट वाहून नेत नाही. मीटरनंतर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच, बसवा आणि महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबून पाहा. कूलरला तीन पिनांचीच वायर, आणि पाणी भरताना बटण बंद करून पिन काढलेली. हा नियम दोघांनीही पाळायचा, घाईतसुद्धा.

कूलर खिडकीत बाहेरच्या बाजूला हवा आणि समोरच्या भिंतीत हवा निघायला वाट हवी. बंद खोलीत तो फक्त दमटपणा वाढवतो. टाकीतलं पाणी आठवड्याला पूर्ण काढून कोरडं करा, डेंग्यूचे डास तिथेच होतात.

नववी पायरी: आंगण

आधी साफसफाई, आणि तीही सावधपणे. पऱ्हाट्या, तुराट्या, जुन्या विटा, फुटके कवेलू यांच्या ढिगात उंदीर येतात आणि उंदरांमागे नाग, घोणस, मण्यार. ढीग हलवताना बूट घाला आणि आधी लांब काठीने चाळवा. हात घालायचा तो नंतर. सरपण घरापासून लांब, जमिनीपासून हातभर उंच माचीवर रचा. कपाशीच्या पऱ्हाट्या पुढच्या हंगामापर्यंत साठवूच नका, गुलाबी बोंडअळी त्यांतच दडून राहते. साप चावला तर कापणं, आवळून बांधणं, मांत्रिक यांत वेळ घालवू नका. हात किंवा पाय हलू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि सापाच्या विषावरची लस असलेल्या दवाखान्यात पोचवा.

जुनं झाड तोडायचं मनात आलं तर थांबा. साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ अशी झाडं स्वतःच्या जागेत असली तरी तोडायला परवानगी लागते. १९६४ चा राज्याचा कायदा तसं सांगतो. आणि पश्चिमेच्या उन्हाला आडवं उभं असलेलं झाड तोडूच नये. भिंतीच्या फटीत उगवलेला पिंपळ मात्र बोटभर असतानाच मुळासकट काढा.

नवी झाडं लावताना अंतर जपा. मोठं होणारं झाड भिंतीपासून किमान वीस-पंचवीस फुटांवर, कारण उन्हाळ्यात मुळं मातीतली ओल ओढतात, माती आकसते आणि तिकडची भिंत खचते. कडुनिंब नैऋत्येला किंवा पश्चिमेला, म्हणजे दुपारनंतरची झाव (उन्हाची झळ) त्याच्या सावलीवर येईल. घराजवळ लहान झाडं: कढीपत्ता, लिंबू, सीताफळ. शेवगा कुंपणापाशी, वाऱ्यात फांदी मोडली तरी छपरावर येणार नाही अशा जागी. हेटा (हदगा) एक तरी लावा, वाढतो झपाट्याने आणि फुलांची भाजी होते. संत्र्याचा हट्ट भारी काळ्या मातीत धरू नका. वरूड-मोर्शी-काटोलकडे ती पाण्याचा निचरा होणाऱ्या जमिनीत होते. आंगणात पाणी साचत असेल तर मुळं सडतात.

खड्डे मेमध्येच घ्या, ऊन खाऊ द्या, आणि जुलैत निम्मी काळी माती, निम्मा मुरूम आणि शेणखत भरून झाड लावा. भाजीसाठी वाफे जमिनीपेक्षा वीतभर उंच करा, नाहीतर श्रावणात वांगी पाण्यात उभी राहतात. अंबाडी, चवळी, दोडकं पावसाळ्यात. सांभार (कोथिंबीर), मेथी, पालक दिवाळीनंतर. कोहळ्याचा वेल रिकाम्या कोठ्याच्या छपरावर चढवा, तोवर कोठ्याचं काय करायचं ते ठरवायला वेळ मिळतो.

कुंपणाला पहिल्या वर्षी भिंत बांधू नका. बांबूचा टट्टा किंवा तुराट्यांचं कूड करा आणि त्याच्या आतून मेंदी लावून टाका, दोन पावसाळ्यांत ती कमरेएवढी होते. पाणी कुठून कसं वाहतं हे त्या दोन पावसाळ्यांत पक्कं कळलेलं असतं. मग पक्की भिंत बांधायची झालीच, तर तिच्यात पाणी निघून जायच्या मोऱ्या नेमक्या कुठे ठेवायच्या हे मिस्तरीला बोट दाखवून सांगता येतं.